चहाची पत्ती आणि कृष्णेची मळी

डॉक्टरांनी दूध बंद केलं तेव्हापासून दुपारचा चहा कोरा झाला, आणि कोरा चहा काचेच्या ग्लासातच बरा लागतो असा माझा आपला समज. गाळणीची जाळी एका कडेला सुटलीय. नवी आणायची राहते. त्यामुळे चिमूटभर पत्ती रोज ग्लासात उतरते. परवा साखर ढवळून चमचा बाहेर काढला आणि बघत बसलो. पत्ती तळाशी गरगरत होती. चहा जसजसा मंदावला तसतशी ती कडेकडून आत सरकायला लागली आणि शेवटी बरोब्बर मधोमध तिचा एवढासा ढीग झाला, कुणी बोटानं गोळा करून ठेवल्यासारखा. पुन्हा ढवळलं, पुन्हा तेच. उलटं ढवळलं, तरी तेच. आतून "पिणार आहात की खेळणार आहात?" असं आलं, तेव्हा पिऊन टाकला.

पण असं व्हायला नको ना! पत्ती पाण्यापेक्षा जड, म्हणूनच तळाशी बसते. आणि जड वस्तू गोल फिरायला लागली की बाहेर जाते, हे एसटीनं प्रवास केलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

आमचं गाव सांगलीच्या अलीकडे, कृष्णेकाठी. मे महिन्यात पुण्याहून निघायचं म्हणजे स्वारगेटची लाल गाडी आणि मध्ये खंबाटकी. तेव्हा बोगदा नव्हता. जाणारे-येणारे सगळे घाटातूनच. तीन माणसांच्या बाकावर खिडकीशी आई, मध्ये मी, आणि कडेला जो कुणी येईल तो. रेक्झिन घासून घासून इतकं गुळगुळीत झालेलं, की गाडी वळली की आम्ही तिघंही एका अंगानं घसरायचो. एका वळणाला मी आईच्या अंगावर, पुढच्या वळणाला पाहुण्यांच्या मांडीवर. पाहुणे बहुधा धोतर-टोपीवाले, अंगाला तंबाखूचा वास. एका हातानं पुढच्या बाकाचा दांडा धरायचे आणि दुसऱ्या हातानं, न सांगता, मला. कंडक्टर मात्र दोन्ही हात मोकळे ठेवून तिकिटं फाडत चालायचा. हा माणूस पडत कसा नाही, याचं तेव्हा मला त्या दरीपेक्षा जास्त आकर्षण होतं.

मग नववीत वर्तुळाकार गती आली. सरांनी फळ्यावर गोल काढला, त्यावर एक ठिपका, आणि विचारलं, या ठिपक्यावरचं बल कुठल्या दिशेला? अख्खा वर्ग म्हणाला, बाहेर. सरांनी खडू खाली ठेवला.

"कोण फेकतं रे बाहेर? त्याचं नाव सांगा."

"एसटी, सर," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सर नाही हसले.

"एसटी कशाला फेकेल? बल म्हटलं की त्याला मालक पाहिजे. ढकलणारा, नाहीतर ओढणारा. मालक दाखवता येत नसेल तर ते बल मी मानत नाही." मग त्यांनी ठिपक्यापासून गोलाच्या मध्याकडे एक बाण काढला. तुम्ही सरळ निघालेले असता. सरळच जायची तुमची इच्छा असते. गाडी वळते. बाक, दांडा, शेजाऱ्याचा खांदा, जे काही हाताला लागेल ते तुम्हाला आत ओढतं आणि गाडीबरोबर वळायला लावतं. हे कुणी केलं नाही तर तुम्ही सरळ जाल, आणि घाटात सरळ म्हणजे कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे.

कंडक्टरचं कोडं त्या तासाला सुटलं. तो बाकाच्या कडेला कंबर टेकवून उभा असायचा. त्याच्या बलाचा मालक कमरेशी होता.

तेव्हापासून मला ही मालक शोधायची खोड लागली, ती अजून गेलेली नाही. आता हिशेबही करतो. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी 20 किलोमीटरनं वळली, तर आत ओढायला तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं बल लागतं. साठ किलोच्या माणसाला बारा किलोचा रेटा. शेजारच्या खांद्याला तेवढा झेपतो. वेग दुप्पट करा, रेटा चौपट होतो. आता प्रश्न खांद्याचा उरत नाही, टायरचा होतो. टायरला रस्त्यानं धरलेलं असतं. तो मालकच सुटला की पुढचं सगळं सरळ रेषेत. घाटातल्या पाट्यांवर वेग लिहिलेला असतो त्यामागे इतकंच गणित आहे, आणि ते कुणी वाचत नाही.

मशीनमध्ये कपडे पिळले जातात ना, तिथेही हेच. मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या ड्रममध्ये शर्टाला गोल फिरवत ठेवायला त्याच्या वजनाच्या अडीचशेपटीहून जास्त बल लागतं, आणि ते ड्रमची भिंत पुरवते. पाण्यालाही तेवढंच लागतं, पण पाण्यासमोर भिंतीची भोकं येतात. भोकात मालक नाही. पाणी सरळ निघून जातं. पिळणं म्हणतो आपण, पण पिळत कुणीच नसतं!

फुगडीत मालक मनगट. आमच्याकडे मंगळागौरीला दोन आत्यांची फुगडी ठरलेली असायची. दोघी अंगानं भरलेल्या, आणि दोघींना हरायची सवय नाही. पाय जुळवून, हात फुलीसारखे अडकवून, मागे रेलून ज्या सुटायच्या, की समोरच्या बायकांना पदर आवरून मागे सरकावं लागायचं. थांबल्या की दोघींच्या मनगटांवर काचेच्या बांगड्यांचे लाल वळ. धाकटी आत्या ते वळ चोळत हसायची. माझ्या मते शाळेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा ते मापन चोख होतं. कुणी किती ओढलं, ते कातडीवर लिहिलेलं.

चंद्रापर्यंत जायला हरकत नाही, पण तिथे मालक एकच आणि सगळ्यांना माहीत असलेला. पृथ्वी त्याला सेकंदाला दीड मिलिमीटरपेक्षाही कमी आत वळवते. एवढ्यावर त्याचं महिन्याभराचं रिंगण निभतं. पुढे चला.

तर, ग्लासातल्या चहाचा मालक कोण? इथे मी बराच वेळ अडलो. चमचा तर बाहेर काढलेला. ग्लासाची भिंत फक्त कडेच्या पाण्याला रेटणार, मधल्याला कोण? उत्तर डोळ्यांसमोरच असतं: ढवळलेला चहा कडेला चढतो आणि मध्ये खोलगट होतो. सेकंदाला दोन फेरे असतील तर कडेला सेंटिमीटरभर उंच. कडेला पाणी जास्त, म्हणून तिथला दाब जास्त, आणि तो दाब सगळ्या चहाला आत रेटत राहतो. वरचा चहा जोरात फिरतोय, त्याला तेवढ्या रेट्याची गरज आहे. तो जागच्या जागी गोल फिरतो. तळाचा चहा मात्र काचेला घासून मंदावलेला. त्याला एवढा रेटा नकोच असतो, पण वरच्यांसाठी लागू झालेला दाब त्यालाही तेवढाच लागू. मग काय होणार? तो आत ढकलला जातो, जाताना पत्ती घेऊन जातो, मध्यावर पोचून वर उठतो आणि पत्तीला खालीच ठेवतो, कारण ती जड.

यातून माणसांविषयी काही मार्मिक निघतंय का, हे मी पाहिलं. निघालं नाही.

पण हा प्रश्न भल्याभल्यांना पडलेला आहे, हे कळल्यावर बरं वाटलं. श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाला त्याच्या बायकोनं नेमकं हेच विचारलं होतं आणि त्याला सांगता आलं नव्हतं. 1926 सालची गोष्ट. म्हणजे ज्या वर्षी त्यानं अणूतल्या इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं त्याच वर्षी! घरच्या प्रश्नांचं असंच असतं. उत्तर आइन्स्टाइननं दिलं, तेही नद्यांवरच्या एका छोट्या लेखात. नद्या सरळ न जाता वळणं का घेतात, हे सांगताना त्यानं चहाचा पेला पुढे केला. त्याच्या आधी, 1876 मध्ये, जेम्स थॉमसननं नदीच्या वळणाबद्दल हेच सांगून ठेवलेलं होतं. हा लॉर्ड केल्विनचा थोरला भाऊ. थोरल्या भावांची नावं अशी मागे पडतात.

नद्यांचं वाचलं आणि मी ग्लास बाजूला ठेवून सरळ गावी पोचलो.

आमचं रान कृष्णेच्या वळणाला, आतल्या अंगाला. दर पावसाळ्यात पूर यायचा आणि ओसरताना काळीभोर, लोण्यासारखी मळी टाकून जायचा. तिच्यात अप्पा, म्हणजे आजोबा, वांगी लावायचे. कृष्णाकाठच्या वांग्यांबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांनी खाल्लीत त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांना पटणार नाही. पलीकडच्या काठाला, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, तात्यांचं रान. तिथे मळी नाही, नुसती उभी दरड. आषाढात रात्री धप्प आवाज आला की आजी म्हणायची, "तात्यांचं काय तरी गेलं बघा."

नदी म्हणजे लांबवर उलगडलेला चहाचा ग्लास. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला चढतं. शंभर मीटर रुंद पात्र, अर्ध्या किलोमीटर त्रिज्येचं वळण आणि सेकंदाला दोन मीटरचा प्रवाह धरला तर फरक येतो सात-आठ सेंटिमीटरचा. चार बोटं. पण त्या चार बोटांच्या रेट्यानं तळाचं मंद पाणी गाळ घेऊन आतल्या काठाकडे सरकत राहतं, आणि वरचं जोरकस पाणी बाहेरच्या काठाला घासत राहतं. वर्षानुवर्षं. काठ आणखी वळतो, मग पाणी आणखी घासतं.

पूर ओसरला की तात्या काहिलीतून यायचे. गूळ काढायची ती काहील. तिला ना नाळ ना सुकाणू, एका बाजूनं वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरायची. एकदा हट्ट करून त्यांच्याबरोबर बसलो. मध्यापर्यंत गेल्यावर तात्यांनी, बहुधा मुद्दाम, वल्हं एकाच बाजूला मारलं. आभाळ, झाडं, घाटाचा दीपस्तंभ सगळं भोवती फिरायला लागलं आणि मी काहिलीच्या कडेला दोन्ही हातांनी गच्च. तात्या मध्ये बसून खो खो हसत होते. मध्ये बसलेल्याला काही होत नाही.

मळीच्या कडेला उतरून अप्पांनी पुढे केलेली वांगी टॉवेलात बांधता बांधता तात्या दर वर्षी तेच म्हणायचे, "अप्पा, ही मळी माझंच रान हाय बरं. भाडं काढा." अप्पा म्हणायचे, "घिऊन जा उचलून." आणि दोघंही ओट्यावर चहाला बसायचे.

मजा म्हणजे तात्यांचं हे म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं. बाहेरच्या काठाची ढासळलेली माती सहसा समोर जात नाही. ती प्रवाहाबरोबर खाली जाते आणि पुढच्या वळणाच्या आतल्या अंगाला, बहुतेक त्याच काठाला, जाऊन बसते. म्हणजे तात्यांचं रान खालच्या कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी मळीत होतं, आणि आमच्या वांग्यांखालची माती वर कुणाच्या तरी दरडीची. त्या माणसाला आम्ही कधी एक वांगं दिलेलं नाही.

अप्पा गेले, तात्याही गेले. 2019 च्या महापुरात अख्खं गाव सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती, हे विचारत जागं होतं. पाणी उतरल्यावर तात्यांच्या मुलाचा जवळजवळ अर्धा एकर नाहीसा झालेला. आमच्याकडे मळी वाढली. तिच्यावर आता ऊस आहे; वांगी लावायला माणसं मिळत नाहीत, असं चुलतभाऊ म्हणतो. 1966 च्या जमीन महसूल संहितेत मळईच्या जमिनीचं कलम आहे, वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करायचंही आहे. पण सात-बाऱ्यावर दोन्हीकडचं क्षेत्र आजोबांच्या वेळी होतं तेवढंच आहे. मोजणी आणायला हवी, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. मोजणीची फी कुणी भरायची, यावर नाही.