पावसानं दाखवलेला बाजार

आयफेल टॉवरचा सगळ्यात वरचा मजला सकाळी वाऱ्यामुळे बंद निघाला. दुपारी पाऊस लागला, आणि बसचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, तासभर तरी विसरा. माझ्याबरोबर पुण्या-नाशकाकडची पस्तीसेक मंडळी, बहुतेक साठीपुढची. टूर मॅनेजरला अशा वेळी चेहऱ्यांवरून कळतं की आता पैशांचा हिशेब निघणार.

नशीब, जेवण पासाज ब्राडीत होतं. १८२८ची ही काचेच्या छताची गल्ली. १९७०च्या दशकात पाँडिचेरीकडच्या माणसानं इथे बस्तान बसवलं, मग भारतीय-पाकिस्तानी हॉटेलांची रांगच लागली. छत कळकट, डाळ मात्र गरम.

जेवण झालं, बसचा पत्ता नाही. म्हटलं, छत्र्या काढा. पंधरा-वीस मिनिटं चालून आम्ही पासाज दे पॅनोरामात शिरलो आणि छत्र्या मिटल्या.

हा पासाज १८००चा. तेव्हाच्या पॅरिसात बहुतेक रस्त्यांना पदपथ नव्हते. चिखल, घाण आणि अंगावर येणाऱ्या घोडागाड्या. दोन रस्त्यांमधल्या इमारतींतून आडवी वाट काढायची, वर काच घालायची, दोन्ही बाजूंना दुकानं. उजेड आत, पाऊस बाहेर. तोंडाशी दोन गोल इमारती होत्या, त्यांत शहरांची प्रचंड वर्तुळाकार चित्रं तिकीट लावून दाखवत, नाव त्यावरूनच. १८१७च्या सुमारास इथे गॅसचे दिवेही आले. अडकलेलं गिऱ्हाईक खरेदी करतं, हे ज्या कुणाला सुचलं तो पक्का व्यापारी असणार, कारण मघाशी कुरकुरणारी माझी मंडळी पाच मिनिटांत दुकानांत पांगली!

इथे जुन्या टपालतिकिटांची दुकानं आहेत. आमच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर काका थेट आत.

"मॅडम, विचारा ना, भोर संस्थानची आहेत का?"

भोरनं १८७९मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती, हे मला त्या दुकानात कळलं. म्हाताऱ्या दुकानदारानं शांतपणे अल्बम काढला. हैदराबाद निघालं, ग्वाल्हेर निघालं, त्रावणकोर निघालं. भोर नाही. काका हिरमुसले नाहीत. "भाव बघून ठेवला," म्हणाले.

समोरचा रस्ता ओलांडला की पासाज झुफ्रुआ, १८४७चा. सगळा सांगाडा लोखंड आणि काचेचा, शिवाय फरशीखालून ऊब देण्याची सोय. ते ऐकून एका काकूंनी फरशीला हात लावून पाहिला. त्यापुढे पासाज व्हेर्दो, जुनी पुस्तकं, छायाचित्रं, कॅमेरे. एकेकाळी शहरात असे शंभराहून जास्त पासाज होते, आज वीसेक उरलेत. बुलेव्हार्ड म्हणजे रुंद, सरळ रस्ते आले, पदपथ आले, आणि एकाच छताखाली सगळं विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी उरलंसुरलं गिऱ्हाईक ओढलं. पुष्कळसे पाडले गेले.

कार्यक्रमपत्रिकेत त्या संध्याकाळी असंच एक मोठं दुकान होतं, गॅलरी लाफायेत. प्रत्येक टूरमध्ये असतंच. तिथला १९१२चा रंगीत काचेचा घुमट बघायला सगळ्यांच्या माना वर. फरशी तपासणाऱ्या काकू म्हणाल्या, "हे तर मघाचंच की, फक्त मोठं केलंय." मग एका पर्सवरची चिठ्ठी वाचून त्यांनी ती जागच्या जागी ठेवली आणि मला विचारलं, "त्या गल्लीत परत जाता येईल का? तिथली पर्स निम्म्यात होती."