आमची वाटचाल : एक बोअर, चार नोझल आणि दीड फुटाचा पाइप

आमचा पिण्याच्या पाण्याचे जार भरायचा प्लांट कोल्हापूरजवळ शिरोलीत, हायवेपासून आत दोन मिनिटं. २०१५ ला सुरू केला. वडील फौंड्रीत होते, त्यांच्या फंडाचे पैसे, थोडं कर्ज, एक बोअर, एक आरओ आणि एक सेकंडहँड टेम्पो. पहिली वर्षं जार उचलून कंबर कशी गेली ते काय लिहायचं, सगळे जारवाले तेच सांगतात.

२०१९ चा पूर मात्र वेगळा. पंचगंगेनं शहराचे पंप बुडवले, नळ बंद, आणि हायवे पाण्याखाली, म्हणजे गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय आणि टेम्पो बाहेर काढायला रस्ताच नाही. दहा दिवस प्लांट बंद. त्याच दिवाळीत पहिल्यांदा पाण्याचा रिपोर्ट फेल आला. स्युडोमोनास नावाचा बॅक्टेरिया. आयएसआयच्या नियमात २५० मिली पाण्यात हा एकसुद्धा चालत नाही. धडधाकट माणसाला प्यायल्यानं सहसा काही होत नाही, पण आजारी माणसाला, भाजलेल्या पेशंटला लई धोक्याचा, आणि आमची मोठी ऑर्डर एका दवाखान्याची होती. ती गेली.

मग काय, टाकी धुतली, कार्ट्रिज बदलली, सगळी लाइन केमिकलनं धुऊन काढली, महिनाभर रिपोर्ट पास, परत फेल. जो येईल तो म्हणायचा पुराचं पाणी बोअरमध्ये मुरलंय. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. २०२१ ला परत पूर आला तेव्हा तर खात्रीच झाली आणि कर्ज काढून नवीन बोअर मारली, जुनीपेक्षा बरीच खोल. दोन महिन्यांत परत फेल!

माझी मावसबहीण मायक्रोबायोलॉजी शिकवते. तिच्यापुढं बोअरला शिव्या घालत होतो तर म्हणाली, "दादा, रिपोर्टात स्युडोमोनास हे नुसतं आडनाव असतंय. दोघं पाटील आहेत म्हणून सख्खे भाऊ होतात काय?" म्हटलं मग भाऊ ओळखायचे कसे, तर म्हणे डीएनए फिंगरप्रिंटिंग, पोलीस माणसाचं करतात तसंच, बॅक्टेरियाचंही होतं.

तिनं कच्च्या पाण्यापासून सुरुवात केली. कार्बन फिल्टरनंतर, आरओनंतर, यूव्ही म्हणजे जंतू मारायच्या दिव्यानंतर, टाकी, जार भरायचे चारही नोझल, शिवाय टाकीच्या आउटलेटला आतून कापूस फिरवून. प्लेटवर हिरवट वाढ झाली, तिथनं प्रत्येक ठिकाणच्या चार-पाच कॉलनी म्हणजे बॅक्टेरियाचे ठिपके उचलले, एकच उचलली तर दुसरा भाऊ सुटतो म्हणे. प्रत्येकीचा डीएनए काढून त्यात एक प्रायमर म्हणजे डीएनएचाच छोटा तुकडा घालायचा, तो डीएनएवर ठिकठिकाणी चिकटतो, पीसीआर मशीनमध्ये मधल्या तुकड्यांच्या कॉप्या होतात. ते जेलमध्ये घालून करंट दिला की लहान तुकडे पुढं पळतात, मोठे मागं राहतात आणि शिडीसारखे पट्टे दिसतात. ही पद्धत जरा लहरी आहे म्हणून तिनं सगळे नमुने शेजारी शेजारी एकाच जेलमध्ये आणि दोनदा चालवले. केमिकलचा खर्च माझा.

जेलचा फोटो मला मोबाइलवर दाखवला. बोअरचे आणि कार्बन फिल्टरचे पट्टे एकसारखे. आरओच्या पुढं तो पट्टा कुठंच नाही. नोझल दोन, नोझल तीन, टाकीचं आउटलेट आणि फेल झालेल्या जारमधली जपून ठेवलेली कॉलनी, हे चौघं एकमेकांसारखे पण बोअरपेक्षा साफ वेगळे. म्हणजे बोअर निर्दोष!

पण ती म्हणाली घाई नको, पट्टे घराणं सांगतात, कोण कुठून कुठं गेला ते नाही सांगत. म्हणून यूव्हीपासून पुढं पाइप हातानं चाचपत गेलो. यूव्हीनंतरचं पाणी स्वच्छ. आणि टाकी ते फिलिंग मशीनच्या मध्ये, खाली, एक टी, म्हणजे पाइपाला फाटा काढायचा जोड. त्याला दीड फुटाचा पाइप, तोंडाला एंड कॅप. २०१८ ला दुसरं फिलिंग मशीन घ्यायचं म्हणून मीच टाकून घेतला होता, लोन झालं नाही, मशीन आलं नाही, पाइप राहिला.

हॅकसॉनं कापला. आत बोट घातलं तर बुळबुळीत. क्लोरीन कार्बन फिल्टरलाच निघून जातं, यूव्ही फक्त नळीसमोरनं जाणाऱ्या पाण्याला मारतं, जंतू मारायला पाण्यात सोडलेला ओझोन वायू थोड्या वेळात विरतो आणि ताजं ओझोनचं पाणी त्या बोळात फिरतच नव्हतं. स्युडोमोनासला खायला फार लागत नाही, तो तिथं थर करून बसला होता आणि आम्ही लाइन धुतली की चार दिवस गप्प. त्या बुळबुळीचे पट्टे नोझलशी तंतोतंत जुळले. मला वाटतं पुरानंच केलं, पण बोअरमधनं नाही, दहा दिवस पाणी थांबून राहिलं तेव्हा.

आता लाइनला कुठं आंधळा तुकडा नाही, बंद असलं तरी पाणी फिरत राहतं. दवाखान्याची ऑर्डर काय परत आली नाही. नव्या बोअरचे हप्ते चालू आहेत. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, जुनीपेक्षा कमी लागला, आरओचं मेंब्रेन जरा जास्त टिकतंय, एवढंच त्या पैशातनं वसूल.