तुम्ही विचारलंत म्हणून: फादर, एकटं वाटत नाही का?

कुणी घरी जेवायला बोलावलं की हा प्रश्न ठरलेला. ताटं उचलली जातात, पोरं झोपायला जातात आणि मग हळूच, "फादर, एवढ्या मोठ्या घरात एकटं वाटत नाही का हो?" मी "सवय होते" म्हणून हसतो, विषय मिटतो. तुम्ही मात्र उत्तराची वाट बघत थांबलात, म्हणून जरा नीट सांगतो.

घर रिकामं असतं हे खरंच. पण मी दिवसभर माणसांतच असतो. गावाकडच्या धर्मग्रामात, म्हणजे एका धर्मगुरूवर सोपवलेल्या भागात, त्याच्याकडे दोन-तीन चर्चेस असणं नेहमीचंच. रविवारी एका धर्मगुरूने फार तर तीन मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासना, कराव्यात, तेही बिशपांच्या परवानगीने, असा नियम आहे. तिसऱ्या मिस्सेपर्यंत घसा बसलेला असतो आणि सकाळी लोकांना हसवून गेलेला विनोद मलाच शिळा वाटायला लागतो. इतकं बोलून झाल्यावर रिकामं घर बरंच वाटतं.

एकटेपणा येतो तो पापनिवेदनातून, म्हणजे लोक माझ्यापुढे आपली पापं कबूल करतात त्यातून. शहरात दोघांमधल्या जाळीपलीकडून एक आवाज येतो आणि गर्दीत विरून जातो. गावात जाळी नावापुरती. खोकल्यावरून कळतं कोण आलंय, काही जण तर चपलेच्या आवाजावरून. तोच माणूस दुसऱ्या दिवशी चर्चच्या छपराचा हिशेब घेऊन समोर बसतो, आणि मी काल काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने आकडे तपासायचे.

ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवणं बिशपांच्याही हातात नाही, ते रोमकडे जातं. पण १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, याच्याच पुढचं एक कलम आहे, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. पापनिवेदनात कळलेलं मी कारभारात वापरायचंही नाही. समजा, दानपेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानेच पेटीतले पैसे घेतल्याचं मला सांगितलं. (समजा म्हणतोय हं, आमच्या किल्लीवाल्यावर संशय घेऊ नका.) तर तेवढ्यावरून मी किल्ली काढून घेऊ शकत नाही. कुलूप बदलू शकत नाही. त्याच्याकडे बघण्याची माझी नजरसुद्धा बदलता कामा नये. कुलूप न बदलणं जमतं. नजरेचं मी अजून शिकतोय.

गावच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हिएनी. १८१८ मध्ये ते फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेड्यात आले, तेव्हा तिथे जेमतेम अडीचशे माणसं. पुढे पापनिवेदनासाठी लांबलांबून रीघ लागली आणि दिवसाचे कितीतरी तास ते त्या लाकडी खोक्यात बसून ऐकत राहिले. प्रवचनात आम्ही हे सांगतो. सांगत नाही ते असं, की ते गाव सोडून निघून जायचा प्रयत्न त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा केला. दर वेळी परत आले. मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा त्या पळून जाण्याचा आधार जास्त वाटतो.

लग्न केलं असतं तर हे ओझं हलकं झालं असतं, असं काहींना वाटतं. कसं होणार? बायकोलाही सांगता आलं नसतंच. पौर्वात्य कॅथलिक चर्चेसमध्ये, म्हणजे पोपना मानणाऱ्या पण पूर्वेकडची परंपरा पाळणाऱ्या चर्चेसमध्ये, विवाहित धर्मगुरू असतात, त्यांच्या घरीही या बाबतीत अशीच शांतता असणार.

मग मी काय करतो? शेजारच्या धर्मग्रामातल्या वयस्कर फादरांकडे जातो. मला स्वतःचं पापनिवेदन स्वतःकडे करता येत नाही, ते त्यांच्याकडे असतं. ते उरकलं की पत्त्यांचा डाव पडतो. त्यांच्या डोक्यात त्यांचं अख्खं गाव, माझ्या डोक्यात माझं, आणि दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारतो. तो दीड तास मला महिनाभर पुरतो.

आणि हो, ते पत्त्यांत लबाडी करतात. हे मला पापनिवेदनात कळलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगू शकतो.