पाचवी डिस्क

माईंचा फोन मार्चमध्येच आला होता. "अरे, ते तुझं मशीन मधूनमधून टक् करतं. सारखं नाही, पण करतं. मुलांचा ठेका बिघडतो." मी तेव्हा पडावच्या पुलावर जाममध्ये अडकलेला, हेल्मेटमध्ये फोन खुपसलेला. "पंख्यात धूळ गेली असेल माई, उन्हाळ्याआधी येऊन साफ करतो," असं म्हणून मी विषय मिटवला. प्रत्यक्ष गेलो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तेही धूळ काढायला नाही.

माझं काम म्हणजे दुसऱ्यांचे कॉम्प्युटर जिवंत ठेवणं. ग्वाल्हेरात दोन-तीन सीए, एक पॅथॉलॉजी लॅब, एक फोटो स्टुडिओ, अशी वार्षिक कंत्राटं आहेत. माईंकडून मी पैसे घेत नाही, कारण माझी आई त्यांच्याकडे गाणं शिकली. माई स्वतः माधव संगीत महाविद्यालयाच्या. १९१८ साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली काढलेलं ते. लष्कर या भागात, दाणाओळीच्या आतल्या बाजूला त्यांचा जुना वाडा आहे. तिथल्या मधल्या खोलीत एका कपाटात अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, स्पूल आणि कॅसेट आहेत. त्या सगळ्या एका विद्यार्थ्यानं वर्षभर खपून कॉम्प्युटरवर उतरवल्या. तो कॉम्प्युटर म्हणजे 'माझं मशीन': एक जुना डेस्कटॉप, आत लिनक्स, एक छोटी एसएसडी, आरशासारख्या जोडलेल्या दोन ४ टीबी डिस्क आणि एक जुनी १ टीबी.

झालं असं, की एप्रिलमध्ये एका सीएच्या ऑफिसात डिस्क गेली. काही सूचना नाही, काही नाही. सकाळी मशीन चालूच होईना. खरं तर सूचना होती. डिस्कची तब्येत बघणारा प्रोग्राम दोन महिने ईमेल पाठवत होता, आणि तो ईमेल ज्या खात्यावर जायचा ते खातं कुणी उघडतच नव्हतं. तेव्हापासून मनाशी ठरवलं, की सगळीकडे स्क्रूटिनी हा डिस्कवर नजर ठेवणारा प्रोग्राम बसवायचा. प्रत्येक डिस्कचं एक कार्ड, हिरवं किंवा लाल, ब्राउझरमध्ये दिसणारं. ते कुणीही बघू शकतं, माईसुद्धा.

स्क्रूटिनी डॉकरमधून चालते, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या, बंदिस्त डब्यात. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. मशीनवर दुसरं काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि नको झाली तर मागे कचराही राहत नाही. पण कंटेनर म्हणजे सोवळ्यातलं स्वयंपाकघर. आत जे हवं ते बाहेरून कुणीतरी हातात द्यावं लागतं. प्रत्येक डिस्क नावानं द्यायची, यूडेव्हचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या माहितीचा, फोल्डर फक्त वाचण्यापुरता द्यायचा आणि डिस्कशी थेट बोलता यावं म्हणून एसवायएस-रॉआयओ ही परवानगी द्यायची. एनव्हीएमई या वेगळ्या जातीची डिस्क असेल तर आणखी मोठी परवानगी लागते. इथे तो प्रश्न नव्हता. इतिहास साठवणाऱ्या इन्फ्लक्सडीबीचा फोल्डर मात्र मी आठवणीनं कंटेनरबाहेर ठेवला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो ठेवायचा विसरलो होतो. कंटेनर नव्यानं बनवला आणि तीन आठवड्यांचे आलेख हवेत विरले.

सकाळी आठला सुरुवात केली, ऊन चढायच्या आत. साडेआठला माई चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "रात्री नऊला मी मेन स्विच बंद करते हं, जुनं वायरिंग आहे." मी जागीच थांबलो. स्क्रूटिनीचा कलेक्टर, म्हणजे डिस्ककडून आकडे गोळा करणारा भाग, आपणहून रोज मध्यरात्री धावतो. या घरात मध्यरात्री धावायला मशीन चालूच नसतं! वेळ बदलून सकाळी अकरा केली. त्या बोलल्या नसत्या, तर महिन्यानं येऊन मी कोरा डॅशबोर्ड बघत बसलो असतो.

मग कलेक्टर हातानं एकदा चालवला आणि कार्डं उमटली. चार. तीन हिरवी, आणि त्या जुन्या १ टीबीवर इशारा. कमांड टाइमआउट, म्हणजे डिस्कनं वेळेत उत्तर न दिल्याची नोंद: ४२९५०३२८३३. माईंनी चष्मा वर केला. "चारशे कोटी वेळा बंद पडली?"

हा आकडा ज्यानं पहिल्यांदा बघितला त्याच्या पोटात गोळा येतोच. माझ्याही आला होता, काही वर्षांपूर्वी, आणि एक चांगली डिस्क मी भंगारात काढली होती. सीगेटच्या अनेक डिस्कमध्ये या एका खान्यात तीन वेगवेगळे आकडे शेजारीशेजारी कोंबलेले असतात. त्यांना एकच संख्या समजून वाचलं की चारशे कोटी दिसतात. सुटे करून वाचले तर १, १ आणि १. मी माईंना सांगितलं, तीन सोबती एका सायकलवर बसलेत, लांबून हत्ती दिसतो. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, हिरवं म्हणजे ठीक ना?"

ठीक नव्हे, पण निदान रडगाणं नाही. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांवर, ज्या चार नोंदींवर सगळ्यांची भिस्त असते, त्यांपैकी एकाचीही खूण नव्हती. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली कंपनी आपल्या हजारो डिस्कांचे आकडे उघडपणे प्रसिद्ध करते, आणि स्क्रूटिनी त्यांच्याशीच ताडून बघते. डिस्क बनवणाऱ्यानं स्वतः ठरवलेली मर्यादा बहुतेक वेळा फार सैल असते. हे सगळं मी मोठ्या उत्साहानं सांगत होतो. माई ऐकत होत्या, पण नजर स्क्रीनवर.

"चारच आहेत. ती कपाटावरची कुठाय?"

कपाटावर राउटरच्या मागे एक काळी पोर्टेबल डिस्क होती, यूएसबीनं जोडलेली. बॅकअपची. मीच तिथे ठेवली होती, कारण आरशातल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरून फाइल उडवली की दुसरीवरूनही उडते. आणि नेमकी तीच मी कंटेनरच्या हातात दिली नव्हती. यादी करताना मशीनच्या आत बघितलं, कपाटावर बघितलंच नाही.

आम्ही दोघं गप्प बसलो तेव्हा आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. पंख्याचा नव्हता.

यूएसबीच्या डिस्ककडून तब्येत विचारायची तर मधल्या चिपला 'सॅट' प्रकारानं विचारावं लागतं, नाहीतर ती नुसतं नाव सांगते. विचारलं. एकूण निकाल: पास. खाली वाचत गेलो. बदललेले सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे बाद केलेले डिस्कचे छोटे तुकडे, ११२. वाचता न आलेले, निकालाची वाट बघत पडलेले सेक्टर ४८. आणि डिस्क पास! मला वाटतं ग्वाल्हेरच्या कुठल्याही परीक्षेत एवढ्या उदारपणे कुणी पास करत नसेल.

मूळ प्रती आतल्या डिस्कवर आहेतच, म्हणून मी जरा निवांत होतो. पण दोन्हीकडचे फोल्डर ताडून बघितले तेव्हा अकरा फाइली फक्त कपाटावर सापडल्या. विद्यार्थी लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचे आणि सोपं पडतं म्हणून काळी डिस्क उपसून थेट तिच्यावरच टाकायचे. त्या अकरांत अण्णांची घरातली शेवटची बैठक होती. २०२२ ची. वयाच्या ८१ व्या वर्षी गायलेला कामोद, विलंबित तिलवाड्यात.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. डिस्क पुन्हा उघडली नाही, फाइल-फाइल कॉपीही केली नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर तसं केलं की ती त्याच खराब जागी डोकं आपटत राहते. भर दुपारी स्कूटरवर जाऊन नवी डिस्क आणली, सीट इतकी तापलेली की अर्धा रस्ता उभ्यानं चालवली. मग डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी सोपं सगळं उचलतं, अवघड जागा वहीत टिपून ठेवतं आणि मग त्यांच्याकडे वळतं. माईंनी कूलरचा झोत डिस्ककडे वळवला होता, तो मी बंद केला. गार असतो, पण ओला. त्याऐवजी टेबलफॅन लावला. रात्री नऊला माईंनी मेन स्विचकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "आज राहू दे," म्हणाल्या, आणि मधल्या खोलीतच सतरंजी टाकली.

सकाळी सातला पोचलो. ३६ केबी सोडून सगळं आलं होतं. हिशेब केला. नऊ तुकडे, प्रत्येकी ४ केबी, एकाला एक लागून. सगळे एकाच फाइलीत, आणि ती फाइल कामोदची. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला १ लाख ७६ हजार ४०० बाइट खातो, म्हणजे गेला सेकंदाचा पाचवा हिस्सा. जागाही काढता आली: १४ मिनिटं २० सेकंद.

मी हे माईंना सांगितलं नाही. फाइल लावली. माई हातावर मात्रा मोजत ऐकत होत्या, मी घड्याळाकडे बघत. चौदा-वीसला आवाज एकदा खुट् झाला. माझं लक्ष नसतं तर मलाही कळलं नसतं. माईंचा हात थांबला नाही. आवर्तन संपून सम आली, तेव्हा म्हणाल्या, "बाराव्या मात्रेवर काहीतरी गेलं."

मग उठून कपाटातली वही काढली. लांब, लाल कापडी पाठीची. प्रत्येक स्पूलची त्यात नोंद आहे: इथे फीत तुटली, इथे दोन मिनिटं नुसती खरखर, इथे शेजारच्या लग्नाचा बँड. मला विचारून मिनिट-सेकंद लिहिले आणि पुढे, 'बाराव्या मात्रेला खंड, डिस्क.'

मी नवी डिस्क यादीत घातली, 'सॅट'सकट. अकराला कलेक्टर धावला आणि पाच कार्डं आली. जुनी काळी डिस्क कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि चपला घालत होतो, तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला.

"अरे, त्या पंख्याची धूळ?"