बिगुलवाले आजोबा, मारिंबावाली नात आणि मध्ये मी

मागच्या पोस्टनंतर दोघातिघांनी मेसेज केला की ते ड्रम कोर ड्रम कोर काय लावलंयस, एकदा नीट सांग की. तर सांगते, अमेरिकेतली मैदानावर चालत पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवणारी, स्पर्धेत उतरणारी पथकं ती. आधी माझी फजिती ऐका. त्याचं स्पेलिंग (corps) वाचून मी पहिला अख्खा उन्हाळा जाईन तिथे 'ड्रम कॉर्प्स' म्हणत हिंडले, लोक बिचारे सभ्यपणे ऐकून घ्यायचे, शेवटी शेजारच्या आजोबांना राहवलं नाही आणि त्यांनी सांगितलं की पोरी, 'कोर' म्हणायचं, तू म्हणतेस ते प्रेत असतं.

आम्ही राहतो ते कोलंबस, इंडियाना. इंजिनवाल्या कंपनीमुळे इथे पुण्याची इतकी माणसं आहेत की दुकानात कोथिंबिरीच्या जुडीवरून कुणीतरी मराठीत कुरकुरताना ऐकू येतं. इथून तासाभरावर इंडियानापोलिस, आणि तिथल्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये 2009 पासून जवळजवळ दर ऑगस्टला ड्रम कोरची फायनल होते. तेरा ते बावीस वयाची पोरंपोरी, एका कोरमध्ये कमाल 165, हातात फक्त पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली (लाकडाच्या, घाबरू नका). बासरी, सॅक्सोफोन आजही चालत नाही. दहा-बारा मिनिटांचा एकच शो, तो अख्खा उन्हाळा घासायचा, रात्री बसमध्ये झोपायचं, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये फरशीवर गादी टाकून उरलेली झोप काढायची, आणि या हालांसाठी हजारो डॉलर स्वतः भरायचे. मी चार वर्षं पथकात ढोल वाजवलाय, नदीपात्रात सराव करून घरी आल्यावर दुपट्ट्याचे वळ बघून आई काय बोलायची ते आठवतं, त्यामुळे मला हे वेड लगेच कळलं. नवरा अजूनही विचारतो की पैसे भरून?

आता मुद्दा. हे वेड असलेली माणसं एकत्र आली की दहा मिनिटांत भांडतात. आमचे शेजारचे आजोबा, त्यांना मी मनात बिगुल आजोबा म्हणते, सत्तरीचे, 1976 साली एज-आउट झालेले, म्हणजे वयाची मर्यादा संपून बाहेर पडलेले. त्यांची एक नात यंदा एका कोरमध्ये पिटमध्ये मारिंबा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य) वाजवते. पिट म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली वाद्यं, ती एका जागी उभं राहून वाजवतात. आजोबांच्या काळात पिट नव्हताच, टिंपनीसुद्धा (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम) पोरं अंगावर बांधून चालायची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती जमिनीवर ठेवायची परवानगी मिळाली. मग 2004 ला माइक आले. 2009 ला सिंथेसायझर. आजोबांच्या मते 2004 ला अर्धा जीव गेला आणि 2009 ला उरलेला.

पण मी हळूहळू काय शोधून काढलं माहितीये का, की हे भांडण कायमचंच आहे. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या क्लबांनी गावोगावच्या पोरांना लष्करी बिगुल दिले तिथून हे सुरू झालं, त्यामुळे बिगुल म्हणजे 'जी' (G) सुरातलाच, ही जणू घटनाच होती. 1977 ला दोन व्हॉल्व्हचा (म्हणजे सूर बदलायच्या खटक्यांचा) बिगुल चालेल असं ठरलं तेव्हा जुनी माणसं म्हणाली संपलं सगळं. 1990 ला तिसरा व्हॉल्व्ह, परत संपलं. 2000 मध्ये कुठल्याही सुरातलं पितळी वाद्य चालेल म्हटल्यावर साधी ट्रम्पेट आली, झालं, परत संपलं. 2014 ला ट्रॉम्बोन. आजोबा एका वर्षाने दोन व्हॉल्व्हला मुकले, आणि त्यांना विचारलं की तुमच्या वेळी दुसऱ्या व्हॉल्व्हला विरोध कोण करत होतं, तर म्हणतात कसे, "असायचे काही म्हातारे!"

इथून तासाभराच्या आत ब्लूमिंग्टन आहे, तिथे स्टार ऑफ इंडियाना नावाची कोर होती, 1985 ते 1993 एवढीच टिकली पण 91 ला चॅम्पियन झाली. 1993 ला त्यांनी बार्टोक आणि बार्बर यांचं संगीत घेऊन शो केला, कोरडा, कठीण, मध्येच टाळ्या वाजवायला जागाच नाही असा, आणि काही ठिकाणी प्रेक्षकांनी चक्क हुर्यो केली. फायनलला एक दशांश गुणाने हरले, मग स्पर्धाच सोडली आणि पुढे थेट ब्रॉडवेवर स्टेज शो घेऊन गेले. आज त्याच शोचं नाव काढलं की आजोबांसकट सगळे आदराने कानाला हात लावतात. तेव्हा हुर्यो करणाऱ्यांत तुम्ही होतात का, हे मी अजून विचारलेलं नाही, शेजारधर्म आहे.

नातीची बाजू पण ऐकायला हवी. ती म्हणते माइक नव्हते तेव्हा मारिंबा प्रेक्षकांपर्यंत पोचावा म्हणून पोरं कडक काठ्यांनी लाकूड फोडल्यासारखी बडवायची, त्यात हळुवार असं काही उरायचंच नाही, आता मऊ काठी घेऊन वाजवता येतं. पटतं मला. आणि तिने मला 2014 चा ब्लूकोट्सचा शो दाखवला, ओहायोतल्या कॅन्टनची कोर, त्यात शेवटाकडे अख्खी हॉर्नलाइन (पितळी वाद्यंवाली सगळी पोरं) आणि सिंथ मिळून सूर वाकवतात, म्हणजे एवढा मोठा आवाज रबरासारखा खाली ओढला जातो, मी स्वयंपाकघरात उभी होते आणि हातातला डाव तसाच राहिला. त्या वर्षी ब्लू डेव्हिल्स या दुसऱ्या कोरने शंभरात 99.65 गुण मिळवून विक्रम केला, तरी लोक ब्लूकोट्सचा तो वाकलेला सूरच आठवतात. विजेशिवाय ते शक्य नव्हतं, हे आजोबाही कबूल करतात, फक्त नात खोली सोडून गेल्यावर.

पण एका बाबतीत मी आजोबांच्या बाजूची आहे, आणि ते म्हणजे गू. हसू नका, इथले फॅन खरंच 'गू' म्हणतात, इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट लगदा असा काहीतरी होतो पण मला पहिल्यांदा ऐकून खोकला आला. सिंथमधून एक खोल घुमणारा आवाज सबवूफरवर सोडतात, हॉर्नलाइनच्या खाली, की ऐकणाऱ्याला वाटावं काय जबरदस्त वाजतंय. अरे पण ऐंशी पोरं फुप्फुसं फाडून वाजवतायत, त्याखाली बटण दाबून धडधड कशाला? आपल्याकडे पथकासमोर डीजेची भिंत उभी राहिली की ढोलाचा टोला पोटात जाणवायचा बंद होतो, नुसते दात वाजतात, तसंच. टोल्यात एक सुरुवात असते आणि एक शेवट असतो, त्या धडधडीत दोन्ही नसतात. नात म्हणते तुम्ही स्पीकरजवळ बसता म्हणून. असेल.

कपड्यांचं भांडण मला पोरकट वाटतं. पूर्वी उंच टोपी, वर तुरा, छातीवर पट्टे, आता अंगाला चिकटलेले रंगीत पोशाख, बऱ्याचदा टोपीच नाही. 2016 ला ब्लूकोट्स तसेच उतरले आणि जिंकले, मग काय, सगळेच. आजोबा म्हणतात पायजम्यात आलेत. पण जुलैच्या उन्हात लोकरी कोट घालून एकदा सराव करून बघा म्हणावं.

खरं दुखणं वेगळं आहे आणि ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, अंगणात पाइप गुंडाळताना. त्यांच्या लहानपणी अशा शेकडो कोर होत्या, गावातल्या चर्चची, क्लबची, रविवारी पोरगं सायकलवरून सरावाला जायचं. त्यांची कोर कधीच बंद पडली, ती जिथे सराव करायची तिथे आता टायरचं दुकान आहे. आज वरच्या वर्गात साधारण वीसेक कोर उरल्यात, देशभरातून ऑडिशन देऊन पोरं येतात. शंभरातले चाळीस गुण 'जनरल इफेक्ट'चे (म्हणजे एकूण परिणामाचे), आणि 2008 ला फँटम रेजिमेंट फक्त 0.025 ने जिंकली, इतक्या बारीक फरकावर सगळं अडकलं की मग प्रॉप्स आले, उतरते रॅम्प आले, ते वाहायला ट्रक आले, ट्रकला डिझेल आलं. सांता क्लारा व्हॅनगार्डसारखी सात वेळची चॅम्पियन कोर पैशाअभावी 2023 ला उतरलीच नाही (पुढच्या वर्षी परत आली). 1934 पासूनची कॅडेट्स 2024 मध्ये बंद झाली, त्यामागे कोर्टकचेरी होती, पण आजोबांच्या हिशोबात तीही सिंथेसायझरच्याच खात्यावर जाते. आणि 2025 ला बॉस्टन क्रुसेडर्स, 1940 ची जुनी कोर, सगळ्या आधुनिक थाटामाटात पहिल्यांदा जिंकली तेव्हा हेच आजोबा टीव्हीसमोर रडले. आता बोला.

तर जुलैमध्ये त्यांच्यासोबत एका हायस्कूलच्या मैदानावर शो बघायला गेले, दोन तासांचा ड्राइव्ह, नातीची कोर वाजवणार होती. आधी पार्किंगमध्ये गेलो, कारण खरा रसिक म्हणे तिथे भेटतो. डांबर तापून मऊ झालेलं, स्नेअरवाली (छोट्या खणखणीत ड्रमवाली) पोरं अर्धवर्तुळात उभी, पायाला मोज्याच्या रेघेपर्यंत उन्हाचा काळपट पट्टा, आणि एकच पॅटर्न चाळीस वेळा. दहा जणांच्या काठ्या एकाच उंचीवर थांबायच्या. आमच्या पथकात तिसरा हात (म्हणजे ताल) सुरू झाला की मागच्या ओळीतले दोघे हमखास चुकायचे, त्यातली एक मी.

शो सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला वगैरे साऊंड गेला. वायर की जनरेटर ते आम्हाला वर कळलं नाही, फक्त स्पीकरमधून एक टक् झालं आणि सगळं हलकं झालं, जसा फ्रिज बंद पडल्यावर कळतं की तो इतका वेळ गुरगुरत होता. आणि त्याच क्षणी हॉर्नलाइन आमच्याकडे वळली आणि वाजली. नुसती. काय सांगू, आवाज हवेतून चालत आला आणि बाकड्यावर बसला. आजोबांनी माझं मनगट धरलं, जोरात.

मग माझं लक्ष खाली पिटकडे गेलं. नात चार काठ्या घेऊन वाजवत होती, हात नेहमीसारखे वाऱ्यासारखे, आणि ऐकू काहीच येत नव्हतं, कान देऊन ऐकलं तर पाटावर पोळी लाटल्यासारखी बारीक टकटक. सिंथवाला पोरगा हात कीबोर्डवर ठेवून समोर बघत उभा. ती मात्र थांबली नाही, मान डोलवत, शेजारच्या मुलीकडे बघून हसत वाजवत राहिली. आजोबांनीही ते पाहिलं असणार कारण मनगटावरची पकड सुटली. दीडेक मिनिटाने आवाज परत आला, पाठोपाठ तो गूही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे काही जणांनी आवाज परत आला म्हणून आणि काहींनी, मला वाटतं, त्या दीड मिनिटासाठी.

शो संपल्यावर ती पाच मिनिटं भेटली, डोळे लाल, "आजोबा, ऐकू आलं का मी?" ते म्हणाले, सगळं आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याची बाटली उघडायला लागले.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही, दोन्ही बाजूला मका आणि काळोख. मग त्यांनी विचारलं, तुझं काय मत. मी म्हटलं, मारिंबाला माइक हवा, गू नको. ते "हं" म्हणाले, आणि आमचा एक्झिट येईपर्यंत गप्प. एक्झिटच्या उतारावर सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले,

"पण ते हॉर्न ऐकलेस ना?"