तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे कॅमेऱ्यातच का बघतात?

तांबट, हमाल, इस्त्रीवाले, फुलवाल्या मावशी, अशांचे मी फोटो काढतो, आणि बघणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की हे सगळे असे थेट कॅमेऱ्यात बघत का बसलेत, काम करताना नकळत काढलात तर जास्त नॅचरल नाही का वाटणार?

वाटेल की. पण नकळत काढला की सगळं मीच ठरवतो हो, घाम दाखवायचा की सुरकुत्या, आणि तो माणूस नुसता 'कष्टकरी चेहरा' होऊन बसतो. सांगून काढला की त्यात त्याचंही चालतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत एका काकांना विचारलं, तर हातोडी खाली ठेवून आधी केस विंचरून आले, शर्टही बदलणार होते पण तो राहू द्या म्हटलं, मग हातातला हंडा नको म्हणाले, अर्धवट आहे, लोक काय म्हणतील, आणि मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके उठवायचं काम, पूर्ण झालेला दुसरा हंडा बाहेर काढला. शेजारी ठोकाठोकी चालूच, त्यामुळे अर्धं बोलणं खुणांनी. हंडा मांडीवर घेतला आणि ठोक्यांच्या ओळी उजेडात चमकतील असा स्वतःच फिरवला, मला ते सुचलंच नसतं.

टेक्निक म्हणाल तर फार काही नाही, दारातून येणारा उजेड, ५० एमएमची लेन्स, फ्लॅश नाही, आणि माणूस जमिनीवर बसून काम करत असेल तर मीपण जमिनीवर. उभं राहून वरून काढला की कितीही ताठ बसलेला माणूस बिचारा दिसतो.

आणि ही पद्धत काही माझी नाही. जर्मनीत फोटोग्राफर आउगुस्ट झांडर यांनी शेतकरी, कामगार असेच समोर उभे करून काढले, १९२८ चा त्यांचा केकवाला हातात भांडं घेऊन असा बघतो की जणू आपण ऑर्डर द्यायला उशीर केलाय. (नाझींनी १९३६ मध्ये झांडर यांच्या अशा फोटोंच्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या, असले चेहरे त्यांना नको होते.) अमेरिकन फोटोग्राफर आयर्विंग पेन यांनी १९५०-५१ मध्ये पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमधल्या कामगारांना कामाच्या कपड्यांत, हत्यारांसकट स्टुडिओत बोलावलं, तर न्यूयॉर्कचे काही जण गुळगुळीत दाढी करून चक्क सुटात हजर!

पण सगळीकडे हे चालत नाही. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो बघा, तिथे माणूस त्या घाणीतच दिसायला हवा, कारण शहराला ते काम बघायचंच नसतं. तिथे केस विंचरून बसवणं म्हणजे शहराची सोय करणं.

पैसे देता का, हेही विचारता. फोटोचे नाही, धंद्याचा खोळंबा झाला तर त्याचे देतो, आणि प्रिंट प्रत्येकाला. मला मॅट पेपर आवडतो, त्यांना चकचकीत हवा असतो, वर लॅमिनेशन. करून देतो, जाणकार नाकं मुरडतात ती मुरडू देत.