गवा की मावा?

तुम्ही विचारलंत म्हणून. राधानगरी-भुदरगडच्या पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो: उसाचं जास्त वाटोळं कोण करतं, गवा की लोकरी मावा, म्हणजे पानातला रस शोषणारा बारीक कीटक? एकाचा नर हजार किलोच्या घरात जातो, दुसरा जेमतेम दोन मिलिमीटरचा. सरळ सांगायचं तर जंगलालगतच्या एका बांधापुरता गवा, अख्ख्या शिवारापुरता मावा.

गव्याचं काम उघड असतं. रात्री कळप उतरतो, कोवळे शेंडे खातो आणि खातो त्याहून जास्त तुडवतो. ऊस दीड-दोन महिन्यांचा असेल तर फार घाबरू नका, जमिनीलगतचा कोंब शाबूत असला की फुटवे पुन्हा येतात. कांडी सुटल्यावर शेंडा गेला तर मात्र डोळे फुटून पांगशा (कांडीवरचे बाजूचे फुटवे) येतात, वजन घटतं. सौरकुंपण असेल तर पावसाळ्यात तारेखालचं गवत कापत राहा. ओलं गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो. घरातली लाइन तारेत सोडायची नाही, तो गुन्हा आहे. तुडवलेला ऊस आवरण्याआधी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या. आवरलेल्या शेताचा पंचनामा कशाचा करणार?

माव्याचा पंचनामा कुणी करत नाही. २००२ साली तो सांगलीकडे दिसला आणि बघता बघता ऊसपट्टाभर झाला. गवीला नऊ महिन्यांनी एक वासरू होतं. माव्याच्या मादीला नरच लागत नाही, ती थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं दोन-तीन आठवड्यांत स्वतः व्यायला लागतात. पान उलटं करा: मधल्या शिरेलगत पांढरी लोकर दिसेल. रसात साखर भरपूर, प्रथिनांचा कच्चा माल कमी, म्हणून मावा ढोसतो फार आणि जादा साखर चिकट थेंबांनी खाली सोडतो. त्यावर काळी बुरशी चढते, पान झाकोळतं. म्हणजे लोकर वरच्या पानाखाली आणि काजळी खालच्या पानावर; काजळीवर औषध मारून काही होत नाही.

शिंगांचं म्हणाल तर ती दोघांनाही आहेत! माव्याच्या अगदी लहान पिल्लांच्या कपाळावर दोन बारीक शिंगं असतात आणि खायला आलेल्या अळीवर ती तुटून पडतात.

तरी अळीच जिंकते, म्हणून फवारणीची घाई नको. लोकरीत जाळी विणून बसलेली अळी दिसली तर ती डिफा, माव्याचा काळ. फवाऱ्यात आधी तीच मरते. मेणचट लोकरीवरून औषध ओघळतं, आणि उंच उसात पंप घेऊन शिरणार कसं? मित्रकीटक नसतील तर हेक्टरी साधारण १००० डिफा किंवा २५०० मायक्रोमसच्या (हाही मावा खाणारा मित्रकीटक) अळ्या सोडा. माव्याच्या फडातलं वाढं (चाऱ्याचे उसाचे शेंडे) दुसऱ्या गावच्या गोठ्यात नेऊ नका, मावा त्या ट्रॉलीतूनही प्रवास करतो. युरियाचा जादा हप्ताही थांबवा. पान जितकं लुसलुशीत, तितकं त्याचं फावतं.